संख्या खरंच असतात का? विज्ञानाच्या साक्षीची उलटतपासणी

इलेक्ट्रॉन कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही, तरी तो आहे असं आपण मानतो. कारण तो वगळला तर आपले उत्तम सिद्धान्त कोसळतात. मग संख्या वगळल्या तरी ते कोसळतातच की! म्हणजे संख्याही आहेत असं मानायला हवं. क्वाइन आणि पटनम यांचा हा 'अपरिहार्यतेचा युक्तिवाद'. पहिल्या वाचनात पटतो. पण जरा थांबा.

आमच्या अल्लीपूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. मग तो दिवस ३० अंशांच्या दिवसापेक्षा दीडपट गरम म्हणायचा का? हीच तापमानं फॅरनहाइटमध्ये ११३ आणि ८६, केल्विनमध्ये साधारण ३१८ आणि ३०३. दीडपट कुठे गेलं? ऊन तेच, आकडे वेगळे. जगात आहे तो 'याहून जास्त गरम' हा संबंध. आकडा ही त्याची नोंद.

हार्ट्री फील्डने १९८० साली याच वाटेने न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त संख्यांशिवाय मांडून दाखवला. पण क्वांटम मेकॅनिक्सचं काय, हा डेव्हिड मॅलमेंटचा आक्षेप तिथे अडतोच.

मला जास्त वजनदार वाटतो तो एलियट सोबरचा १९९३ मधला मुद्दा. प्रयोग फसला की आपण उपकरण तपासतो, नमुना तपासतो, गृहीतक बदलतो. 'सात ही संख्याच नसेल' असं कुणी म्हणत नाही. जिला नापास व्हायची भीतीच नाही, तिला पास झाल्याचं श्रेय कसं द्यायचं?

उलट बाजूही ऐका. अमेरिकेतले काही सिकाडा कीटक १७ वर्षांनी जमिनीबाहेर येतात. एक स्पष्टीकरण असं: १७ ही मूळ संख्या, म्हणून चार वर्षांचं चक्र असलेल्या शत्रूशी गाठ ६८ वर्षांनीच पडते, चक्र १६ वर्षांचं असतं तर ती दर खेपेला पडू शकली असती. ॲलन बेकर २००५ मध्ये म्हणतो, इथे संख्या नुसती मोजत नाही, कारण सांगते. पण १७ वर्षं म्हणजे २०४ महिने, आणि २०४ काही मूळ संख्या नाही! इथे वर्ष हेच एकक चालतं, कारण ते ऋतूंनी ठरवलंय. म्हणजे काम करतंय ते चक्रांचं एकमेकांशी न जुळणं.

तेव्हा माझं मत: विज्ञान आपल्याला संबंध मानायला लावतं, संख्या मानायला अजून तरी नाही.

तुमच्या सिनॉप्सिससाठी एक काम. मॉडेलमधल्या प्रत्येक आकड्याचं एकक बदलून बघा. जे बदललं ते मोजपट्टीचं. जे टिकलं, त्याबद्दलच 'हे जगात आहे' असं लिहायची हिंमत करा.