फैयाज : 'असूनही' या शब्दापलीकडे

सोलापूरच्या फैयाज शेख यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडते, 'मुसलमान असूनही किती शुद्ध मराठी!' बोलणाऱ्याच्या मनात कौतुकच असते, तरी आम्हाला ते टोचते. या 'असूनही'मध्ये मराठी ही मुसलमानाच्या घरची भाषा नव्हे, हे गृहीत धरलेले असते. ज्या सोलापूर जिल्ह्याने शाहीर अमर शेख दिले, ज्या शहरात १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तिथल्या मुलीचे मराठी हा चमत्कार कसा?

१९६७ साली पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे आणि त्यांची मुलगी झरीना म्हणजे फैयाज. तोवर मराठी नाटकातला मुसलमान बहुधा बखरीतला क्रूर सरदार असे, नाहीतर मोडक्या भाषेने हशा पिकवणारा पठाण. इथे मात्र एक नांदते मुसलमान घर दिसले. त्यात विद्येचा अहंकार होता, ईर्षा होती, आणि बापाविषयीचा आदर व सदाशिवविषयीची ओढ यांत सापडलेली मुलगीही होती.

अशा भूमिकेला अभिनयाइतकाच गळा लागतो. चित्रपटात आवाज उसना मिळतो, संगीत नाटकात ती सोय नाही. आम्ही उर्दू शिकवणारे लोक. 'ख' आणि 'ख़' यांतला फरक मुलांच्या जिभेवर बसवता बसवता वर्ष सरते. म्हणून उर्दूची नजाकत आणि मराठीचा ठसका एकाच कंठात नांदणे किती कष्टाचे, याची आम्हाला कल्पना आहे. शिरवाडकरांच्या 'वीज म्हणाली धरतीला' या नाटकात त्या गायल्या, 'घरकुल' चित्रपटात सी. रामचंद्रांच्या चालीवर गायल्या. दोन्हीकडचे मराठी ऐकताना गाणारीचा धर्म आठवतही नाही.

मात्र एक प्रश्न उरतोच. झरीनेच्या तोडीच्या किती मुसलमान स्त्रिया त्यानंतर मराठी नाटककारांनी लिहिल्या? कलावंत होती, संहिता कमी पडल्या.

दोष एकट्या नाटककारांचा नाही. आपल्या समाजाला मधुबाला, मीनाकुमारी तोंडपाठ, पण फैयाज हे नाव आमच्या वर्गात एकाही मुलीला ठाऊक नव्हते. ठाण्यात गडकरी रंगायतन १९७८ पासून उभे आहे, कल्याणात आचार्य अत्रे रंगमंदिर आहे. मुंब्रा, भिवंडी, कल्याणच्या उर्दू शाळांतल्या किती मुली तिथे कधी नाटक पाहून आल्या? 'नाटक आपले नाही' असे बाहेरच्यांनी म्हणण्याआधी आपणच घरात म्हणून टाकतो. मग मराठी फक्त पेपरापुरती उरते.

२०१५ साली बेळगावच्या ९५व्या अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलनाचे अध्यक्षपद फैयाज यांनी भूषवले. त्याच वर्षी 'कट्यार' पडद्यावर आले आणि नव्या पिढीला झरीना भेटली ती अमृता खानविलकर यांच्या रूपात. जुनी झरीना मात्र आमच्या मुलींपर्यंत अजून पोहोचायची आहे. ते काम शाळेचे आहे आणि घराचेही. फैयाज यांचा गौरव करायचा तर 'असूनही' गाळून करावा. त्या मोठ्या मराठी गायिका-अभिनेत्री आहेत, एवढे वाक्य पुरे.