‘रान’, ‘वन’ आणि वणव्याचा नकाशा

भारतीय वनसर्वेक्षण संस्थेने २०१९ च्या वनस्थिती अहवालात देशातील वणवाप्रवण प्रदेशाची जी प्रतवारी प्रसिद्ध केली, तिचे परीक्षण वनशास्त्रज्ञांनी व भूगोलज्ञांनी करावे हे स्वाभाविकच आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात पडणे काहींना आगंतुकपणाचे वाटेल. परंतु नकाशा हाही एक प्रकारचा कोशच असतो. त्याच्या कोपऱ्यात दिलेली खुणांची सूची म्हणजे नामकरण होय. आणि कोणत्या वस्तूला कोणते नाव दिले असता कोणती वस्तू निनावी राहते, हे पाहणे आमच्या शास्त्राचे जुनेच काम आहे.

या प्रतवारीची रीत थोडक्यात अशी : देशाचे पाच किलोमीटर लांब व तितक्याच रुंद अशा चौकोनांत विभाजन करावयाचे, २००४ ते २०१७ या काळात उपग्रहांनी टिपलेले आगीचे ठिपके त्या त्या चौकोनात मोजावयाचे, आणि त्या संख्येवरून ‘अत्यंत वणवाप्रवण’पासून ‘अल्प वणवाप्रवण’पर्यंत पाच वर्ग ठरवावयाचे. देशाच्या वनाच्छादनापैकी सुमारे ३६ टक्के भाग वारंवार वणवा लागण्याजोगा आहे, असा निष्कर्ष त्यातून निघाला. या कामाचे महत्त्व कमी लेखण्याचा हेतू नाही. जागतिक बँक व केंद्रीय पर्यावरण मंत्रालय यांच्या २०१८ च्या अहवालानुसार २००३ ते २०१६ या काळातील ४४ टक्के आगी केवळ वीस जिल्ह्यांत नोंदल्या गेल्या. मनुष्यबळ तुटपुंजे असताना ते आधी कोठे न्यावे, हे ठरविण्यास असा नकाशा हवाच. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जेथे मोहफुले व तेंदूपाने यांच्या हंगामात जंगल पेटते, तेथे तो खरोखरच उपयोगी पडेल.

अडचण सुरू होते ती हातकणंगल्यास आल्यावर. कोल्हापूर जिल्ह्याचे घनदाट वन पश्चिमेस राधानगरी, शाहूवाडीकडे आहे. वारणा आणि पंचगंगा यांच्यामधील हा तालुका उसाचा. मधूनच आळत्याजवळचा रामलिंगाचा डोंगर, कुंभोजजवळचा बाहुबलीचा डोंगर यांसारखे खडकाळ, गवताचे उंचवटे आहेत. फाल्गुन-चैत्रात असे डोंगर काळे पडतात. जुने गवत जाळले म्हणजे पावसाळ्यात नवे चांगले फुटते, ही समजूत घाटमाथ्यापासून इथपर्यंत सर्वत्र आढळते. खाली शेतांत त्याच सुमारास ऊसतोड झालेल्या फडांतील पाचट पेटविले जाते.

आता या तालुक्याच्या बोलीतील एक शब्द पाहावा. ‘रान’ म्हणजे अरण्य, हा अर्थ कोणताही मराठी कोश देईल. परंतु येथे ‘तो रानात गेलाय’ याचा अर्थ तो शेतावर गेला आहे, असाच होतो. ‘रानाला आग लागली’ हे वाक्य कोकणातल्या माणसाने ऐकले तर त्याच्या डोळ्यांपुढे झाडी उभी राहील. येथल्या माणसापुढे उसाचा फड. अरण्याला येथे बहुधा ‘फारेस्ट’ म्हणतात, आणि त्या शब्दाने झाडांपेक्षा खात्याची हद्दच अधिक सूचित होते. गवताच्या डोंगराला तिसरेच नाव, ‘माळ’. तेव्हा शेत, सरकारी वन व माळ या तीन वस्तूंना बोलीत तीन स्वतंत्र नावे आहेत. नकाशात मात्र दोनच कप्पे आहेत : वन आणि वनेतर.

आगीचे ठिपके वनांच्या सीमांवर ठेवून बाहेर पडणारे ठिपके गाळले जातात. पाचटाची आग गाळणे योग्यच; तो वणवा नव्हे. परंतु ज्या चाळणीने पाचट गाळले जाते तिच्यातूनच, खात्याच्या हद्दीबाहेरचा माळही खाली पडतो. वृक्षांच्या छत्राने किमान १० टक्के भूमी झाकलेली असेल तरच तिला वनाच्छादन म्हणावे, अशी संस्थेची व्याख्या आहे. माळ त्या व्याख्येत बसत नाही. मग तो कितीही वेळा जळो, ‘वनाच्छादनाचे इतके टक्के’ या हिशेबात त्याला जागाच नसते.

दुसरी गोष्ट काळाची. ज्या उपग्रहांवर ही नोंद अवलंबून आहे, ते एका ठिकाणावरून ठराविक वेळीच जातात. त्यांतील काहींची वेळ दुपारी व मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमाराची आहे. झाडांचे वन दिवसेंदिवस धुमसते, म्हणून ते सापडते. सायंकाळी पेटविलेला माळ मध्यरात्रीपूर्वीच विझतो. नव्या यंत्रांचा ठिपका ३७५ मीटरांचा, म्हणजे सुमारे १४ हेक्टरांचा आहे. लहान पण प्रखर आगही त्यात उमटते, हे खरे. पण ती पाहण्याच्या वेळी जळत असली पाहिजे! मग ठिपक्यांची संख्या ही वणव्याची संख्या मानणे म्हणजे शिरगणतीच्या वेळी घरी नसलेला मनुष्य अस्तित्वातच नाही असे मानणे होय.

‘वन’ या शब्दाचा अर्थ कोणी ठरवावयाचा, हा प्रश्न न्यायालयापुढेही आला होता. गोदावर्मन खटल्यात १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ हा शब्द कोशातील अर्थानेच घ्यावा, असे सांगितले. २०२३ च्या कायदादुरुस्तीने व्याप्ती आखडली जाण्याचा संभव दिसताच, १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशात तोच अर्थ तूर्त पाळावा असे पुन्हा बजावले. कोशकारांचा एवढा सन्मान क्वचितच झाला असेल. पण प्रश्न उरतोच : कोणत्या भाषेचा कोश? इंग्रजी कोशातील तो शब्द वृक्षांभोवती फिरतो. कोशार्थाने वनाचे रक्षण झाले, माळाचे झाले नाही.

येथे अमेरिकेचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील वनखात्याने २०२२ व २०२३ मध्ये एकंदर एकवीस ‘प्राधान्यभूमी’ निवडल्या. त्यासाठी ‘फायरशेड’ नावाचे, सुमारे अडीच लक्ष एकरांचे एकक वापरले. हा शब्द त्यांच्या पाणलोटवाचक शब्दावरून घडविलेला आहे. आपल्याकडे ‘आगलोट’ म्हणता येईल, आणि तो शब्द मुळीच वाईट नाही. महत्त्वाचे हे की, त्या एककाच्या मुळाशी आग कोठे लागते एवढाच प्रश्न नसून, लागलेली आग कोणाच्या घरापर्यंत पोचते, हा आहे. ‘प्राधान्य’ हा सापेक्ष शब्द आहे. ‘कशाला’ आणि ‘कशासाठी’ ही दोन पदे अध्याहृत ठेवून तो वापरता येत नाही. आपल्या प्रतवारीत ती दोन्ही अध्याहृत आहेत. दरवर्षी जळणारा गवताळ उतार आणि पन्नास वर्षांतून एकदाच जळणारी देवराई यांत केवळ संख्येने पाहिल्यास पहिलाच धोकादायक ठरेल.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. माळाला स्वतःचे नाव नाकारले की त्याला दुसरे चिकटते : ‘पडीक’. पडीक म्हटले की तेथे झाडे लावणे हे पुण्यकर्म ठरते. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात वृक्षलागवडीच्या मोठ्या मोहिमा झाल्या. शेवटच्या वर्षाचे उद्दिष्ट ३३ कोटींचे होते. वाळल्या गवतात लावलेले रोप पहिल्याच उन्हाळ्यातील आगीने जाते. गवत मुळांतून पुन्हा फुटते. बहुतेक रोपांना ते जमत नाही. म्हणजे जो माळ पूर्वी जळून सावरत होता, त्यावर आपण जळून नष्ट होणारी वस्तू उभी करतो आणि मग त्या जागेला वणव्याचा धोका आहे असे म्हणतो. मधुसूदन व वनक या संशोधकांनी देशातील अर्धशुष्क, उघड्या नैसर्गिक भूमीचा स्वतंत्र नकाशा केला आहे. तो वणव्यासाठी केलेला नाही. तरी वणव्याच्या नकाशाखाली अंथरण्यास वनाच्छादनाच्या जोडीने तोही घ्यावयास हवा होता.

आणखी एक साधन तर प्रत्येक गावच्या चावडीतच आहे. तलाठ्याच्या दप्तरात वनजमिनींची नोंद गाव नमुना एक-अ मध्ये आणि बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनींची एक-ब मध्ये असते. खाजगी डोंगरपड सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ म्हणून येते. एकच डोंगर अशा रीतीने तीन दप्तरांत विभागला जातो. जाळरेषा काढण्याची जबाबदारी पहिल्या नोंदीपुरती वनखात्याकडे. उरलेल्या दोन्हींकडून आग वर चढली तर ती कोणाच्या हद्दीत लागली, हे आधी ठरवावे लागते. पाच किलोमीटरांच्या चौकोनात, म्हणजे अडीच हजार हेक्टरांत, या तिन्ही नोंदी एका रंगाखाली दडून जातात. आळत्याच्या डोंगरापुरता तरी त्या चौकोनावर या तिन्ही नोंदींचे गट क्रमांक आखून, शेजारी गावकऱ्यांच्या तोंडची माळांची नावे लिहून पाहावीत, असे आमच्या विभागातील विद्यार्थ्यांस सुचवितो. काम एका उन्हाळ्याचे आहे. ते फाल्गुनापूर्वी हाती घ्यावे, कारण त्यानंतर उतार काळा झालेला असतो आणि गवताची कोणती जात कोठवर होती हे विचारावयास गुराखीही तेथे भेटत नाही.