समापनाची कसोटी आणि अल्पमतातील भागधारक : कंपनी कायद्यातील एका विसंगतीची चिकित्सा

प्रस्तावना :
कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही तिच्या सभासदांहून स्वतंत्र व्यक्ती असली, तरी लहान खासगी कंपनी ही प्रत्यक्षात बहुधा दोन-तीन भावांची वा मित्रांची भागीदारीच असते. त्यांच्यातील विश्वास संपला की अल्पमतातील भागधारकाची कोंडी होते. साध्या ठरावाने त्याचे संचालकपद जाते, लाभांश जाहीर होत नाही आणि भाग विकावेत तर बाजार नसतो. कंपनी कायदा, २०१३ ने त्याला दिलेले दोन मार्ग परस्परांना कसे अडवतात, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

तत्त्वाचा उगम :
'न्याय्य व समन्यायी' कारणावरून कंपनीचे समापन करण्याचे तत्त्व इंग्लंडमध्ये विकसित झाले. येनिजे टोबॅको खटल्यात (१९१६) दोन्ही भागधारक परस्परांशी बोलत नसत. निरोप चिटणीसामार्फत जात. कंपनी नफ्यात असूनही समापनाचा आदेश झाला. इब्राहिमी खटल्यात (१९७२) गालिच्यांच्या व्यापारातील दोन भागीदारांनी १९५८ मध्ये कंपनी स्थापन केली होती. पुढे एकाचा मुलगा कंपनीत आला आणि १९६९ मध्ये पिता-पुत्रांनी दुसऱ्या भागीदारास संचालकपदावरून दूर केले. नफा संचालकांच्या मोबदल्यातूनच वाटला जात असल्याने त्याच्या हाती काहीच उरले नाही. ठराव कायदेशीर होता. तरीही हाऊस ऑफ लॉर्ड्सने समापन मान्य केले. कृती वैध असली म्हणजे ती न्याय्य असतेच असे नाही, हे या निर्णयाचे सार होय.

भारतीय कायद्यातील पेच :
चालती कंपनी बंद करणे हा टोकाचा उपाय आहे. त्यात कामगारांची रोजीही जाते. म्हणून कलम २४१ व २४२ अन्वये भाग विकत घेण्यास लावणे यांसारखे सौम्य उपाय ठेवले आहेत. २०१३ मध्ये कलम २४१ ची कक्षा वाढून सभासदास हानिकारक ठरणारा कारभारही तक्रारीचा विषय झाला. परंतु कलम २४२ मध्ये जुनी अट कायम राहिली : वस्तुस्थिती समापनास पात्र हवी, मात्र समापनाने सभासदाचे अन्याय्य नुकसान होणार असले पाहिजे. उलटपक्षी, त्याने थेट समापन मागितले, तर अन्य उपाय उपलब्ध असून समापनाचा आग्रह अवाजवी आहे, या कारणास्तव कलम २७३ अन्वये अर्ज फेटाळता येतो. एका दारावर दुसऱ्या दाराकडे बोट दाखवले जाते, आणि दुसऱ्या दारावर पहिल्याची पात्रता विचारली जाते.

टाटा सन्स प्रकरणातील निर्णय (२६ मार्च २०२१) या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सुमारे १८ टक्के भाग असलेल्या शापूरजी पालनजी समूहाच्या बाजूने अपिलीय न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये दिलेला आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. समापन न्याय्य ठरेल असा निष्कर्ष अपिलीय न्यायाधिकरणाने नोंदवलाच नव्हता, हे त्याचे एक प्रमुख कारण होते. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीत १९६५ मध्ये आलेल्या समूहास भागीदारीचे तत्त्व लागू होत नाही, हेही मत सयुक्तिक वाटते. कलमाच्या शब्दांशी हा निर्णय सुसंगत आहे. दोष कलमात आहे. बलाढ्य समूहांच्या वादात पक्की झालेली ही कसोटी लहान कंपनीतील एकाकी भागधारकालाही तितक्याच कठोरपणे लागू होईल, ही खरी चिंता आहे.

आक्षेपाचा विचार :
ही अट काढल्यास खोडसाळ याचिका वाढतील, हा आक्षेप निराधार नाही. इंग्लंडने १९८० मध्ये ती वगळल्यानंतर याचिकांचा खर्च व कालावधी हा चिंतेचा विषय ठरला आणि १९९७ मध्ये तेथील विधी आयोगाने त्यावर अहवाल दिला. तथापि ओ'नील खटल्यात (१९९९) न्यायालयानेच अन्यायाच्या संकल्पनेस मर्यादा घातली. जुन्या अटीकडे परतण्याची गरज भासली नाही.

निष्कर्ष :
जो भागधारक कंपनी जिवंत ठेवू इच्छितो, त्यालाच ती मरणास पात्र असल्याचे सिद्ध करावयास लावणे तर्कदुष्ट आहे. कलम २४२ मधील ही अट वगळून, वाजवी किमतीस भाग विकत घेण्याचा आदेश हा प्रथम उपाय मानला जावा. समापन अखेरचा उपाय म्हणून राहावे. अन्य उपायांचे प्रवेशद्वार म्हणून नव्हे.