खराटा, खापर आणि प्रतिभा

प्रतिभा म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर आपल्या साहित्यशास्त्राने फार पूर्वीच देऊन ठेवले आहे. ती जन्मजात शक्ती आहे, ती अलौकिक आहे आणि ती थोड्यांनाच लाभते. मम्मटाने काव्याची कारणे सांगताना शक्तीच्या जोडीला निपुणता आणि अभ्यास ठेवला. निपुणता लोकव्यवहार, शास्त्रे आणि काव्ये यांच्या अवलोकनातून यावी आणि अभ्यास जाणत्यांच्या हाताखाली व्हावा, अशी त्याची अपेक्षा आहे. वरवर पाहता यात गैर काही नाही. पण ज्यांना शास्त्र ऐकण्याचीच बंदी होती आणि ज्यांना शिकविणारा जाणता कधी भेटणारच नव्हता, त्यांच्या वाट्याला या व्याख्येतले काय उरते? उरतो तो फक्त लोकव्यवहार, म्हणजे रोजचे जगणे. तेव्हा मुद्दा सरळ आहे. नुसत्या रोजच्या जगण्यातून सर्जन होऊ शकते की नाही? होत असेल, तर आमची समीक्षा त्याला सर्जन का म्हणत नाही?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला वऱ्हाडच्या माणसाला दूर जावे लागत नाही. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगावात परिटाच्या घरी डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मला. बाप दारूपायी लवकर गेला. आई सखूबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुरीला आली. तिथे डेबूजीने गुरे राखली, नांगर हाकला आणि सावकाराच्या कागदापुढे अडाणी कुणबिकीचे काय होते ते मामाच्या शेतावर पाहिले. १९०५ मध्ये त्याने घर सोडले. शाळेची पायरी तो चढला नाही. मात्र गाव, शेत, सावकार, दारू आणि देव या पाच गोष्टींचे त्याचे अवलोकन कोणत्याही पंडिताहून सूक्ष्म होते. हेच पुढे गाडगेबाबा झाले.

बाबांचा वेष सर्वांना पाठ आहे. चिंध्यांचा अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, दोन पायांत दोन तऱ्हेची पायताणे, हातात खराटा आणि गाडगे. चरित्रकारांनी हा वेष वैराग्याचे लक्षण म्हणून वर्णिला. मला तो तसा वाटत नाही. यातली प्रत्येक वस्तू गावाने टाकून दिलेली आहे. फुटकी बांगडी उकिरड्यावर जाते, फुटके गाडगे गावाबाहेर पडते, चिंधी बोहरीच्या चुलीतही जात नाही. गावगाड्यात फुटके खापर आणि गावकुसाबाहेरचा माणूस यांची जागा एकच. बाबांनी ते खापर उचलून त्यात भाकर खाल्ली आणि ते डोक्यावरही घातले. टाकाऊ ठरविलेल्या वस्तूला नवा अर्थ देणे यालाच आपण कवितेत प्रतिमानिर्मिती म्हणतो. तीच क्रिया शब्दांऐवजी चिंधी-खापरांतून झाली, म्हणून ती निर्मिती नव्हे काय?

कीर्तनाचेही तसेच आहे. नारदीय कीर्तनाची घडण ठरलेली असते. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. बुवा उभा आणि लोक बसलेले. बुवा बोलणार आणि लोक ऐकणार. बाबा दिवसा गावचे रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या कीर्तनात निरूपणाची जागा प्रश्नाने घेतली. देवाला आंघोळ कोण घालतो, त्याच्यापुढचा नैवेद्य कुत्र्यापासून कोण राखतो, असे ते विचारीत आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढीत. चार-पाच साध्या उत्तरांनंतर श्रोता स्वतःच अशा निष्कर्षाला येऊन ठेपे की, त्याच्या तोंडून तो निघाला आहे यावर त्याचाच विश्वास बसत नसे. कर्जाचे, हुंड्याचे, नवसाच्या बोकडाचे असेच. हातातले ताट विका, भाकर हातावर घेऊन खा, पण पोराला शिकवा, हा त्यांचा हिशेब बायाबापड्यांना चटकन कळे, कारण तो त्यांच्याच चुलीपुढचा हिशेब होता.

रूपाच्या दृष्टीने ही फार मोठी घटना आहे. वक्ता आणि श्रोता यांच्यातले अंतर येथे नुसते कमी होत नाही, तर श्रोता संहितेचा सहकर्ता होतो. म्हणून दोन गावांतली दोन कीर्तने तंतोतंत सारखी होणेच शक्य नव्हते. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत बांद्र्याला झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले, हे आपले भाग्य. ते ऐकताना बाबांच्या आवाजाइतकाच समुदायाचा आवाजही ऐकावा. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९५२ मध्ये बाबांचे चरित्र लिहिले, १९७७ मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यांचे नाव विद्यापीठाला मिळाले. परंतु वाङ्मयेतिहासात बाबांना संत म्हणून जेवढी जागा मिळते, त्याच्या निम्मीही निर्माते म्हणून मिळत नाही.

याला भाषाही कारण आहे. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. शाळा ही ‘शाया’ होते, डोळा ‘डोया’ होतो आणि वाकळ ‘वाकय’. वर्गात ‘शाया’ म्हणणाऱ्या पोरावर इतर पोरे हसतात आणि कित्येकदा गुरुजीही हसतात. माझ्यावरही कोणी हसले होते. ज्या शब्दात बाबांनी हजारोंना शाळेत घाला म्हणून सांगितले, तोच शब्द शाळेत अशुद्ध ठरावा, हा विनोद नाही. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ने १९६० मध्ये हीच बोली कादंबरीत ताठ मानेने आणली. तिच्यातली कौतिक काही लिहीत नाही, गात नाही. ती संसार ओढते. पण तुटपुंज्या साधनांतून रोज नवा मार्ग काढण्याची तिची जी धडपड आहे, ती वाचताना बुद्धी आणि कष्ट यांच्यात आपण आखलेली रेघ पुसट होते. आमच्या आयाही हेच करीत. तुराट्यांचा कूड उभा करून तो शेणामातीने सारवणे, जुन्या लुगड्यांचे थर लावून वाकळ शिवणे, यात रंग, माप आणि जोड यांचा निर्णय प्रत्येक टाक्याला असतो.

कला ही रोजच्या अनुभवापासून तोडलेली वस्तू नव्हे, हे जॉन ड्युईने ‘आर्ट ॲज एक्स्पीरिअन्स’ या ग्रंथात १९३४ मध्ये मांडले. हेच ड्युई कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे गुरू. पण येथे सावध राहिले पाहिजे. रोजच्या कामात सौंदर्य आहे असे म्हणणे सोपे आहे आणि या देशात ते धोक्याचेही आहे. जातिव्यवस्था हे केवळ श्रमाचे विभाजन नसून श्रमिकांचे विभाजन आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलन’मध्ये दाखवून दिले. ज्या समाजात काम जन्माने लादले जाते, तेथे त्या कामाचे गोडवे गाणे म्हणजे बेडीवर नक्षी काढणे होय. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेली गुरे ओढू नका, मृतमांस सोडा असे सांगितले, तेव्हा त्यांनी त्या कामातले कौशल्य शोधले नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमरावतीच्या परिषदेत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न उभा राहिला, तोही माणूस म्हणून हक्काचाच होता.

म्हणून दोन खराटे वेगळे ओळखले पाहिजेत. बाबांनी खराटा आपणहून उचलला. ज्याचा धर्म झाडण्याचा नाही असे गाव मानत होते, त्या पाटला-देशमुखांनाही तो धरायला लावला. भंग्याच्या हातातला खराटा मात्र त्याच्या जन्माआधीच ठरलेला होता. पहिल्या खराट्यात निवड आहे, म्हणून ती कृती बोलते. दुसऱ्यात निवड नाही, म्हणून तो फक्त टोचतो. २०००-०१ पासून बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान झाले, हे चांगलेच. पण हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाल्यावरही २०१३ मध्ये पुन्हा कायदा करावा लागला. प्रतीकाची पूजा होते आणि माणूस गटारात उतरतो, हे विसरून लिहिलेले सौंदर्यशास्त्र आमच्या कामाचे नाही.

बाबांच्या मर्यादाही झाकू नयेत. देवाची मूर्ती त्यांनी प्रश्नांनी मोडली, पण नामघोष सोडला नाही. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जी वाट घेतली, ती बाबांची नव्हती. तरीही पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. यात्रेकरूंचा निवारा विद्यार्थ्यांच्या कामी यावा, हाही एका टाकलेल्या खापराला नवा अर्थ देण्याचाच प्रकार होता. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, बाबांनीही देह ठेवला.

यातून समीक्षेला एक कसोटी मिळते. रोजच्या जगण्यातली कृती सर्जनशील केव्हा म्हणावी? ती सुबक आहे म्हणून नव्हे, ती गरिबाची आहे म्हणून तर नव्हेच. जी कृती करणाऱ्याला आपल्या परिस्थितीचा मालक करते, निदान तिला प्रश्न विचारायला लावते, ती सर्जनशील. या कसोटीवर आपल्या छापील कविताही एकदा घासून पाहाव्यात. पुष्कळ उजळतील, काही मात्र वेदनेच्या ठराविक शब्दांची पुनरावृत्ती ठरतील.

आणि शिक्षकांनी एवढे तरी करावे. वर्गातल्या पोराने ‘शाया’ म्हटले तर त्याला प्रमाण शब्द अवश्य शिकवावा, कारण तोही त्याचा हक्क आहे. पण त्याला हसण्यापूर्वी त्याची आई वाकळ कशी शिवते, एवढे त्याला त्याच्या बोलीत लिहायला सांगावे. पहिला निबंध तोच असू द्या.