सूत्र, संदर्भ आणि श्रोता : महानुभावीय ‘सूत्रपाठा’च्या निमित्ताने

‘सूत्र’ या शब्दाचा मूळ अर्थ दोरा असा आहे. शिवणे या अर्थाच्या ‘सिव्’ धातूशी त्याचा संबंध जोडला जातो. मंगळसूत्र, सूत्रधार, सूत्रसंचालन हे मराठीत रुळलेले शब्द पाहिले तरी या शब्दाचा भर जोडण्यावर, ओवण्यावर आहे हे ध्यानात येते. असे असताना सूत्रवाङ्मयाची चर्चा मात्र बहुधा अल्पाक्षरत्वापाशी सुरू होते आणि तेथेच थांबते. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, हे प्रसिद्ध वचन अशा प्रत्येक लेखात आढळते. सूत्र म्हणजे थोडक्यात सांगितलेले सत्य, अशी समजूत त्यातून दृढ झाली असून सूत्र आणि सुवचन यांतील सीमारेषा पुसट झाली आहे.

सूत्राचे परंपरागत लक्षण या दृष्टीने पुन्हा तपासण्यासारखे आहे. सूत्र अल्पाक्षर असावे, असंदिग्ध असावे, सारयुक्त असावे, विश्वतोमुख असावे, त्यात निरर्थक भरणा नसावा आणि ते निर्दोष असावे, अशी सहा लक्षणे सांगितली जातात. यांपैकी ‘असंदिग्ध’ आणि ‘विश्वतोमुख’ ही दोन एकत्र कशी नांदणार, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. जे सर्व दिशांना तोंड करून आहे त्याचा एकच एक अर्थ कसा निश्चित व्हावा? याचे उत्तर सुट्या सूत्रात मिळत नाही. ते सूत्राच्या स्थानात मिळते. पाणिनीच्या ‘अष्टाध्यायी’तील सुमारे 4000 सूत्रांपैकी कितीतरी सूत्रे एकेकटी वाचली असता वाक्य म्हणूनही पूर्ण होत नाहीत. आधीच्या सूत्रातील पद पुढच्या सूत्रांत अनुवृत्तीने येते. अधिकारसूत्र तर केवळ पुढील सूत्रांवर आपली सत्ता गाजवण्यासाठीच असते. क्रम मोडला की व्याकरण मोडते. पाणिनीचे लाघव हे या क्रमाचे फळ आहे. म्हणजे सूत्र हे स्वभावतः परावलंबी विधान आहे. ते मागच्या सूत्रावर अवलंबून असते आणि ते उलगडून सांगणाऱ्या आचार्यावरही.

या दुसऱ्या अवलंबनाचे परिणाम ‘ब्रह्मसूत्रां’त स्पष्ट दिसतात. पहिल्याच सूत्रातील ‘अथ’ या एका पदाचा अर्थ ‘त्यानंतर’ असा घेतला, तरी कशानंतर हे सूत्र सांगत नाही. शंकराचार्यांच्या मते विवेक, वैराग्य इत्यादी साधनचतुष्टयानंतर; रामानुजाचार्यांच्या मते कर्ममीमांसेच्या अध्ययनानंतर. एका अव्ययाच्या अर्थाबरोबर ज्ञान आणि कर्म यांचा संपूर्ण संबंधच बदलतो. मात्र जे भाष्यकार ‘अथ’वर एकमत होत नाहीत, ते पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात शूद्राच्या अधिकाराचा प्रश्न येताच तो नाकारण्यात एकमत होतात. सूत्राची अल्पाक्षरता पाठांतराच्या सोयीसाठी होती हे खरेच. पण जे गुरुमुखाविना कळत नाही, त्याचे दार कोणासाठी उघडायचे हेही गुरूच ठरवतो, ही तिची दुसरी बाजू आहे. सूत्रवाङ्मयाच्या गौरवपर विवेचनात ती क्वचितच येते.

या पार्श्वभूमीवर वेदांना अंतिम प्रमाण न मानणाऱ्या महानुभाव पंथाने सूत्र हाच प्रकार स्वीकारावा, ही लक्षणीय घटना ठरते. तेराव्या शतकाच्या अखेरीस केसोबासांनी श्रीचक्रधरांची वचने निवडून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. केसोबास संस्कृतचे पंडित होते. संस्कृतात लिहिण्याचा त्यांचा मानस दिसताच नागदेवाचार्यांनी, त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या स्त्रियांची वंचना होईल असे सांगून त्यांना परावृत्त केले, ही ‘स्मृतिस्थळा’तील आठवण सर्वपरिचित आहे. तिच्यामुळे ‘सूत्रपाठा’ची भाषा ठरली. पण प्रकार कोणता, हा प्रश्न उरतोच, आणि अभ्यासकांनी भाषेच्या प्रश्नाला जितके महत्त्व दिले तितके याला दिलेले नाही.

वस्तुतः ‘सूत्रपाठा’तील सूत्रे पारंपरिक अर्थाने सूत्रे नाहीत. पाणिनीने किंवा बादरायणाने सूत्रे रचली. श्रीचक्रधरांनी ती रचली नाहीत. ते बोलले. कोणी काही विचारले, कोणाकडून काही प्रमाद घडला, वाटेत काही दिसले, त्यावर ते बोलले. शके 1200च्या सुमारास म्हाइंभटांनी साक्षीदारांना भेटून, विचारपूस करून सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’त हे बोलणे स्थळ, माणसे आणि निमित्त यांसह नोंदलेले आहे. तेथून वचन उचलून विषयवार लावताना केसोबासांनी एक दोरा काढून दुसरा घातला. ‘विचार’, ‘आचार’ आणि त्यांच्या ‘मालिका’ अशी प्रकरणे पडली. ‘मालिका’ हे नावच पुरेसे बोलके आहे.

या ओवणीत तत्त्वज्ञानाला रेखीव आकार मिळाला, हे केसोबासांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु याची किंमतही मोजावी लागली आणि ती प्रामुख्याने श्रोत्याने मोजली. ‘लीळाचरित्रा’तील महदाइसा सतत प्रश्न विचारते, एका उत्तराने तिचे समाधान होत नाही. अनेक वचने अशा प्रश्नांतून जन्मली आहेत. सूत्र होताना उत्तर राहिले आणि प्रश्न गळला, विचारणारी गळली. ज्यांची वंचना होऊ नये म्हणून ग्रंथ मराठीत झाला, त्यांचाच आवाज ग्रंथाच्या घडणीत लुप्त व्हावा, हा विरोधाभास दुर्लक्षिण्याजोगा नाही.

पंथाला ही उणीव जाणवली असावी असे मानण्यास आधार आहे. कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी निरूपिले गेले हे सांगणारा ‘प्रकरणवश’ हा स्वतंत्र ग्रंथ निर्माण झाला, तो उगाच नव्हे. स्वतः केसोबासांच्या ‘दृष्टांतपाठा’तही सूत्रापाठोपाठ दृष्टांत आणि मग दार्ष्टांतिक अशी मांडणी आहे, हत्ती आणि आंधळे यांची गोष्ट तेथे सूत्राला पुन्हा माणसांत आणते. मराठीचे आद्य व्याकरण मानले जाणारे भीष्माचार्यांचे ‘पंचवार्तिक’ही सूत्रार्थाच्या काटेकोर निश्चितीच्या गरजेशी निगडित आहे. संस्कृत परंपरेत भाष्ये सिद्धान्तासाठी भांडली. येथे भाष्याचे पहिले काम हरवलेला प्रसंग परत आणण्याचे होते. दोन्ही परंपरांतील हा भेद अधिक सखोल अभ्यासाचा विषय आहे.

पुढे चौदाव्या शतकात हे वाङ्मय सकळ लिपीत गेले. लोकभाषेत आलेले सूत्र सांकेतिक लिपीच्या कुलपात बंद झाले आणि पंथाबाहेरील वाचकांना विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनंतरच खुले झाले. तेव्हा ते वाचकांसमोर आले ते मात्र प्राचीन भाषेचे नमुने म्हणून. क्रियापदांची रूपे, विभक्तिप्रत्यय, वाक्यरचना यांचा कसून अभ्यास झाला. ‘अल्पाक्षर, अर्थगर्भ, ठाशीव’ ही विशेषणे त्याच काळापासून एका टिपणवहीतून दुसऱ्या टिपणवहीत उतरत आली असावीत.

पदवी वर्गासाठी ‘सूत्रपाठा’तील निवडक वचने नेमताना ती केवळ क्रमांक घालून छापणे म्हणूनच अपुरे ठरते. प्रत्येक सूत्रासमोर ‘लीळाचरित्रा’तील संबंधित लीळा छापली, तर पाने दुपटीहून अधिक होतील, हे उघड आहे, पण त्या पानांवर महदाइसेचा प्रश्न असेल.