पोस्टल २ : गोळी तुमच्या हातात, पण नेम कुणाचा?

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी विचारलं, ‘अहो, या खेळावर बोलायचं काय? तो नुसता घाण आहे.’ बरोबर आहे. घाण आहेच. पण घाण म्हटलं की विषय संपतो, आणि मला वाटतं या खेळाच्या बाबतीत तो तिथून सुरू होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘पोस्टल २’ हा २००३ साली आलेला अमेरिकन खेळ. अ‍ॅरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरातली ‘रनिंग विथ सिझर्स’ ही छोटी कंपनी त्याची निर्माती. आपण नायकाच्या डोळ्यांतून बघतो, हातात बंदूक असू शकते आणि अख्खं गाव फिरायला मोकळं आहे. गावाचं नाव पॅराडाइज. म्हणजे स्वर्ग! तेही अ‍ॅरिझोनातच. नायक एका ट्रेलरमध्ये बायकोबरोबर राहतो. सोमवार ते शुक्रवार, रोज सकाळी त्याच्यापुढे कामांची यादी असते. पगाराचा चेक घ्या, तो बँकेत वटवा, दूध आणा. दुसऱ्या दिवशी वाचनालयाचं पुस्तक परत करा, चर्चमध्ये जाऊन पापांची कबुली द्या. बास. जगाला वाचवायचं नाही, कुणाचा सूड घ्यायचा नाही. दूध आणायचं!

आता नाव. ‘गोइंग पोस्टल’ असा अमेरिकन इंग्रजीत एक वाक्प्रचार आहे. कामाच्या ठिकाणी माणसाचं डोकं फिरून तो हिंसक होतो, त्याला तसं म्हणतात. यामागे खरी माणसं आहेत. १९८६ साली ओक्लाहोमातल्या एडमंड गावी टपाल खात्याच्या एका कर्मचाऱ्यानं १४ सहकाऱ्यांना गोळ्या घातल्या आणि मग स्वतःला संपवलं. अशा घटना पुढेही घडल्या आणि त्यातून हा शब्द रुळला. खेळाचं नाव तिथून आलंय, हे लक्षात ठेवा. विनोदाच्या पायाशीच प्रेतं आहेत.

मी हा खेळ दोनदा खेळलो. पहिल्यांदा जसा सगळे खेळतात तसा. दुसऱ्यांदा ठरवून, एकाही माणसाला न मारता. हो, तसं करता येतं. निर्मात्यांचा मुख्य बचावच हा आहे. त्यांचं म्हणणं असं, की खेळ तुमच्याइतकाच हिंसक आहे. तुम्ही शांत, तर खेळ शांत.

आणि खरं सांगतो, दुसऱ्या वेळी मला तो बचाव बराचसा पटला. बँकेत गेलो. समोर रांग. शस्त्र खाली ठेवून रांगेत उभा राहिलो. रांग हलेना. एक मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली, पुढचा माणूस तसाच. आणि माझं बोट आपोआप बंदुकीच्या बटणाकडे जायला लागलं! मला कुणी चिथावलं नव्हतं. नुसता कंटाळा आला होता. तो क्षण उत्तम टीकेचा आहे. निबंध लिहून जे सांगता आलं नसतं ते त्या रांगेनं मला माझ्याबद्दल सांगितलं. बाकीच्या बंदूकवाल्या खेळांत शत्रू अंगावर धावून येतो, म्हणून आपण निर्दोष राहतो. इथं ती सोय नाही.

आणखी एक गंमत बघा. सोमवारी नायक पगार घ्यायला जातो तो याच कंपनीच्या कचेरीत. बाहेर हिंसक खेळांविरुद्ध निदर्शनं चाललेली, आणि थोड्या वेळानं तेच निदर्शक बंदुका घेऊन आत घुसतात. वाचनालयात गेलो तर पुस्तकांचे विरोधक त्याला आग लावतात. विनोद ढोबळ आहे, पण त्याला दिशा आहे. दुसऱ्यांना शुद्ध करायला निघालेल्या माणसांच्या हातात काय असतं, हे तो विचारतो. आणि पाचही दिवस कुणाला न मारता पार पडले, तर खेळ शेवटी तुम्हाला ‘येशू’ म्हणतो. शाबासकी आणि टिंगल एकाच शब्दात.

इथवर मी खेळाच्या बाजूनं आहे. आता दुधाकडे येऊ.

दूध आणायचं ते कोपऱ्यावरच्या दुकानातून. दुकानाचं नाव काय? ‘लकी गणेश’. (हशा) हसलात ना? मीही हसलो होतो. आता दुकानदाराचं नाव ऐका. हबीब. पाटी गणपतीची, गल्ल्यावर हबीब. आणि याच खेळात पुढे फेटेवाले, दाढीवाले, अल-कायदाछाप दहशतवादी शत्रू म्हणून येतात. हिंदू कोण, मुसलमान कोण, भारतीय कोण, अरब कोण, खेळाला काही फरक पडत नाही. सगळे एकाच पोत्यात.

कुणी म्हणेल, ही तर अमेरिकन अज्ञानाचीच थट्टा आहे. मीही तसं मानायचा प्रयत्न केला. पण थट्टा व्हायला खेळात कुठेतरी ते अज्ञान उघडं पडावं लागतं. निदर्शकांचा ढोंगीपणा उघडा पडतो, कारण ते बोलतात एक आणि करतात दुसरंच. हबीबच्या बाबतीत असं काही घडत नाही. चूक पात्राची नाही, खेळाचीच आहे, आणि खेळाला ती दिसत नाही.

ही चूक लहान नाही. खेळ यायच्या दीड वर्ष आधीची गोष्ट. ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला झाला आणि चारच दिवसांनी, याच अ‍ॅरिझोनात, मेसा शहरात, पेट्रोल पंप चालवणाऱ्या एका शीख गृहस्थाला पंपाबाहेर गोळ्या घालून मारण्यात आलं. मारणाऱ्यानं फेटा आणि दाढी पाहिली आणि हा अरब आहे असं ठरवलं. ज्या राज्यात हे घडलं, त्याच राज्यात बसून कंपनीनं हा खेळ केला. मारेकऱ्याच्या डोक्यातला गोंधळ आणि ‘लकी गणेश’च्या पाटीमागचा गोंधळ, यांची जात एकच आहे.

म्हणून त्या बचावाकडे पुन्हा येतो. खेळ तुमच्याइतकाच हिंसक आहे, हे अर्धंच खरं. गोळी झाडायची की नाही, ते माझ्या हातात. पण समोर कोण उभा असेल, कुणाला नाव-गाव-चेहरा मिळेल आणि कुणाला नुसती दाढी, हे निर्मात्यानं आधीच ठरवलेलं असतं. नायकाची बायको घ्या. ती म्हणजे ट्रेलरमधून खेकसणारा एक आवाज. तिला माणूस म्हणून वागवायचा पर्याय खेळात कुठं आहे? मी कितीही ‘येशू’ झालो तरी हबीबशी दोन शब्द बोलू शकत नाही. त्याला मारू शकतो, किंवा दुधाचे पैसे देऊन निघू शकतो. निवड एवढीच. मग तिची सगळी जबाबदारी माझ्या एकट्याच्या माथी कशी?

शेवटचा मुद्दा, बंदीचा. न्यूझीलंडनं २००४ मध्ये हा खेळ आक्षेपार्ह ठरवला, ऑस्ट्रेलियानं २००५ मध्ये वर्गीकरण नाकारलं. स्वीडनमध्ये वितरकावर खटला झाला, तो २००६ मध्ये टिकला नाही. चर्चा रक्ताची, लघवीची, मांजराला बंदुकीच्या तोंडावर बसवून सायलेन्सर करण्याची. किळसवाणं आहेच ते सगळं. पण बंदीनं दोन गोष्टी झाल्या. कंपनीला बंडखोरीचा बिल्ला मिळाला, आणि ‘लकी गणेश’च्या पाटीकडे बघायची गरजच उरली नाही. जे किळसवाणं असतं ते लगेच दिसतं. जे सवयीचं असतं ते दिसत नाही, आणि ते दाखवणं हे सेन्सॉरचं काम नाही, समीक्षेचं आहे.

म्हणून माझं म्हणणं, हा खेळ बघायचा तर रांगेत उभं राहून बघा. कंटाळा येऊ द्या. बोट कुठं जातं ते पाहा. आणि दूध घ्यायला गेलात की पाटी वाचून हसू आलं, तर क्षणभर थांबा. त्या हसण्यात आपण कुणाच्या बाजूला उभे आहोत, हा प्रश्न खेळानं विचारलेला नाही. तो आपल्यालाच विचारावा लागेल.

इथं थांबतो.