भंगारातली खुर्ची, लिलावातली खुर्ची



आयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, 'खुर्ची'. ते जरा घाबरले. म्हणाले, "सर, राजकारण नको." (हशा) मी ज्या खुर्चीबद्दल बोलणार आहे ती सागाची आहे, तिची बैठक वेताची आहे, आणि भूमितीच्या पेटीतला कंपास उघडून ठेवावा तसे तिचे पाय आहेत. ती चंदीगडची खुर्ची. तिच्यावर एमी सीगल या अमेरिकन कलावंत बाईंनी २०१३ साली एक चित्रपट केला. त्याचं नाव 'प्रोव्हेनन्स'. लिलावाच्या धंद्यात या शब्दाचा अर्थ होतो वस्तूच्या मालकीची वंशावळ: ती कोणाकडून कोणाकडे गेली आणि आज तुमच्यापर्यंत कशी आली. मला हा चित्रपट आवडला, आणि तरी त्याच्याशी माझं भांडण आहे. आज ते भांडण मांडतो.

आधी खुर्चीची हकीकत. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. म्हणून चंदीगड उभारायचं ठरलं. १९५१ पासून ल कॉर्बुझिए हे वास्तुकार आणि त्यांचे चुलतभाऊ पिएर जाँनरे या कामात आले. कॉर्बुझिए येऊनजाऊन असत, जाँनरे मात्र तिथेच राहिले, थेट १९६५ पर्यंत. नवं शहर म्हणजे नवी सचिवालयं, न्यायालय, विद्यापीठ, वाचनालयं. तिथे बसायला हजारो खुर्च्या, टेबलं, बाकं, कपाटं लागणार. जाँनरे आणि त्यांचे सहकारी, ज्यांत यूली चौधरी या भारतीय वास्तुकारही होत्या, यांनी त्यांचे आराखडे केले आणि तिथल्या सुतारांनी त्या घडवल्या. साग आणि वेत. स्वस्त, टिकाऊ, आणि मोडलं तर गल्लीतल्या सुताराला दुरुस्त करता येईल असं काम.

पन्नास वर्षांत खुर्च्या झिजल्या. वेत फाटले, पाय डुगडुगायला लागले. कचेऱ्यांना फिरत्या, गादीच्या खुर्च्या हव्या होत्या. जुन्या गच्चीवर गेल्या, तळघरात गेल्या आणि शेवटी सरकारी लिलावात भंगाराच्या भावात गेल्या. साधारण १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून युरोपातले, विशेषतः पॅरिसचे काही व्यापारी येऊन त्या घाऊक उचलू लागले. तिकडे नेऊन त्यांनी त्या साफ केल्या, नवा वेत विणून घेतला, पॉलिश केलं आणि मोठमोठ्या लिलावगृहांत मांडल्या. आज तिकडच्या लिलावात यांतली एखादी जोडी काही लाख रुपयांना सहज जाते. इथे आरडाओरडा झाला तेव्हा कायदा हात वर करून उभा राहिला. आपल्या १९७२ च्या पुरावशेष कायद्याला अशी वस्तू शंभर वर्षांची लागते आणि ही खुर्ची तर माझ्यापेक्षाही लहान! (हशा) शेवटी २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या फर्निचरच्या विक्रीवर बंदी घातली.

आता चित्रपट. २०१४ साली मुलाकडे अमेरिकेत गेलो होतो, तेव्हा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात तो पाहिला. सुमारे चाळीस मिनिटांचा आहे. निवेदन नाही, मुलाखत नाही. आणि तो उलटा चालतो. सुरुवात श्रीमंतांच्या घरांत: पांढऱ्या भिंती, मोठी चित्रं, आणि जेवणाच्या टेबलाभोवती आपल्या खुर्च्या. मग लिलाव. मग दुरुस्ती. मग जहाज. आणि शेवटी चंदीगड: फायलींचे गठ्ठे, आणि त्यांच्यात तीच खुर्ची. कुठे कोणी तिच्यावर बसून काम करतंय, कुठे तिचा ढीग लागलाय.

हा उलटा क्रम हे या चित्रपटाचं खरं बळ. सरळ क्रमाने सांगितलं असतं तर ती गरीब मुलीला राजपुत्र भेटल्याची गोष्ट झाली असती. भंगारात पडली होती, पारखी भेटला, भाग्य उजळलं. उलट सांगितल्यामुळे आपण एकेक थर सोलत जातो. पॉलिश जातं, गादी जाते, प्रकाशयोजना जाते आणि शेवटी उरते ती बसायची वस्तू. एक अक्षर न बोलता बाईंनी हे केलं, त्याला दाद दिली पाहिजे.

पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट केली. त्यांनी हा चित्रपटच लंडनच्या क्रिस्टीजमध्ये लिलावाला ठेवला, तो विकला गेला आणि त्या विक्रीवर 'लॉट २४८' हा छोटा चित्रपट केला. काही जण याला लबाडी म्हणतात. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. मी या बाजाराबाहेर उभी राहून बोट दाखवत नाही, मीही त्यात आहे, एवढं त्यांनी कबूल केलं.

मग भांडण कशाबद्दल? तीन गोष्टींबद्दल.

पहिली. हा कॅमेरा सगळीकडे सारखाच सुंदर आहे. ज्या संथ, तोलून धरलेल्या नजरेने तो श्रीमंताचा दिवाणखाना पाहतो, त्याच नजरेने मोडक्या खुर्च्यांचा ढीग पाहतो. परिणाम असा की ढीगही देखणा दिसतो. म्हणजे लिलावगृहाचा छायाचित्रकार जे करतो तेच इथे झालं. वापरातली वस्तू पाहण्याची वस्तू झाली.

दुसरी. वंशावळ मागे मागे नेणारा चित्रपट चंदीगडला येऊन थांबतो. आणखी एक पाऊल मागे गेला असता तर सुतार भेटला असता. लिलावाच्या यादीत ठळक नाव असतं जाँनरेंचं. ज्यांनी रंधा मारला, खाचा पाडल्या, वेत विणला, त्यांची नावं नसतात. किंमत वाढते ती एका नावामुळे आणि बाकीची नावं गळल्यामुळे. चित्रपटाचं नावच 'वंशावळ' असताना हे गाळणं मला खटकतं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि तिच्यासाठी मला माझ्या विषयाकडे, तत्त्वज्ञानाकडे जावं लागेल. चित्रपट बोलत नाही. त्यामुळे बघणारा आपल्या सोयीचा निकाल लावून मोकळा होतो. एक म्हणतो, "गोऱ्यांनी लुटलं." दुसरा म्हणतो, "लुटलं कसलं? गाढवाला गुळाची चव काय!" व्यापारीही हेच म्हणतात, जरा सभ्य शब्दांत: आम्ही उचललं नसतं तर त्यांचं सरपण झालं असतं. दोन्ही निकाल मला आळशी वाटतात.

प्रश्न जुना आहे. सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ मध्ये कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात तो आहे. एक माणूस सोनं विकतोय, पण त्याला वाटतंय ते पितळ आहे. सज्जन गिऱ्हाइकाने त्याला सांगावं, की हजाराची वस्तू एका नाण्यात घेऊन गप्प बसावं? संत ऑगस्टिनने आपल्या माहितीतल्या एका माणसाची गोष्ट लिहून ठेवली आहे. त्याला कोणी हस्तलिखित विकायला आणलं. विकणाऱ्याला त्याची किंमत ठाऊक नव्हती. यानं मुकाट्याने योग्य ती मोठी रक्कम त्याच्या हातावर ठेवली. असे लोक असतात. पण म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाने तसं केलंच पाहिजे का?

माझा मुलगा राहतो तिथे थ्रिफ्ट स्टोअर नावाची दुकानं असतात. लोक जुनं सामान दान देतात आणि ते तिथे स्वस्तात विकतात. सकाळी दार उघडायच्या आधी तिथे काही मंडळी उभी असतात. खुर्ची उलटी करून खालचा शिक्का बघतील, दहा डॉलरला उचलतील, लिलावात शंभरपट मिळवतील. यात पाप आहे असं मला वाटत नाही. ती नजर कमवावी लागते. दहा वेळा चुकून, पैसे घालवून येते. ज्ञानाला मोबदला मिळाला तर आपण प्राध्यापकांनी तरी तक्रार करू नये. (हशा)

मग चंदीगडचं वेगळं काय? वेगळा आहे तो विकणारा. सोन्याला पितळ समजणारा माणूस निदान स्वतःचं सोनं विकत होता. कचेरीतल्या अधिकाऱ्याची ती खुर्ची नव्हती. तो राखणदार होता. मालकाचं अज्ञान हे त्याचं दुर्दैव असतं. राखणदाराचं अज्ञान ही कर्तव्यातली कसूर असते, कारण ओळखणं, निदान नीट पाहणं, हेच त्याचं काम. तेव्हा व्यापाऱ्याला चोर म्हणणं चूक, आणि 'आपल्याला चवच नाही' म्हणून अख्ख्या समाजाला हिणवणंही चूक. दोष एका ठिकाणी दाखवता येतो: न पाहता केलेल्या सहीत.

आणि त्या सहीबद्दल मी बाहेरून बोलत नाहीये. मी नोकरीला नवीन असताना आमच्या महाविद्यालयात निर्लेखन समिती नेमली, तिच्यात मला घातलं. निर्लेखन म्हणजे वस्तू दप्तरातून कमी करणं. या वस्तूंच्या वहीला आपण डेडस्टॉक रजिस्टर म्हणतो. काय शब्द आहे बघा! ज्यावर अजून माणसं बसतात ते आधीच मृत. शिपायाने यादी आणली. 'वाचनालय, लाकडी खुर्च्या, जुन्या.' खुर्च्या खालच्या मजल्यावर होत्या. मी जिना उतरलो नाही. तास होता, घाई होती, सही केली. त्या बर्मा सागाच्या, गोल पाठीच्या, हातांच्या खुर्च्या होत्या. ट्रकने गेल्या. त्यांच्या जागी लोखंडी घडीच्या आल्या आणि आमचे ग्रंथपाल, जे सेवानिवृत्तीला आले होते, ते मला एवढंच म्हणाले, "सर, पोरं आता तासभर बसत नाहीत हो."

बऱ्याच वर्षांनी मुंबईत ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात अगदी तशी खुर्ची पाहिली. मागच्या पायावर रंगाने लिहिलेला आकडा होता, अर्धा खरवडलेला. ती आमचीच होती असं मी म्हणणार नाही, तशा खुर्च्या अनेक ठिकाणी होत्या. भाव विचारला. माझ्या तेव्हाच्या महिन्याच्या पेन्शनच्या जवळपास होता. मी म्हटलं, "आकडा का खरवडला?" तो म्हणाला, "सोडणार होतो साहेब, आकडा असला तर भाव वाढतो."

चंदीगडच्या खुर्च्यांचंही तेच आहे. त्यांच्यावर कचेरीची अक्षरं आणि आकडे रंगवलेले असतात. लिलावाच्या यादीत तीच अक्षरं अस्सलपणाचा पुरावा म्हणून छापतात. ज्या आकड्याने कारकुनाने ती वस्तू वहीतून कमी केली, तोच आकडा तिची किंमत वाढवतो.

आपण सवयीने म्हणतो की किंमत वेगळी, मोल वेगळं. भेद दिसायला छान आहे, पण मराठी भाषा इतकी भोळी नाही. मोलकरणीच्या 'मोला'त पैसाच आहे. मोलाचा भाग पैशात मोजला जातो, फक्त सगळा नाही. आपल्या हातून सुटलेले लाखो रुपये मोजणं सोपं आहे. ग्रंथपालांनी सांगितलेला तास मोजणं अवघड आहे. चित्रपट पहिला हिशेब दाखवतो. दुसऱ्याच्या दारापर्यंत येतो आणि थांबतो. कारण तो मांडायला बसणाऱ्या माणसाला बोलू द्यावं लागतं, आणि या चित्रपटात कोणाला बोलतं केलेलं नाही.

म्हणून माझी सूचना अगदी कारकुनी आहे. निर्लेखनाच्या तक्त्यात वस्तूचं नाव, खरेदीची तारीख, मूळ किंमत, सद्यस्थिती असे रकाने असतात. त्यात एक रकाना वाढवा: 'वापरणाऱ्यांचे म्हणणे'. आणि सही करणाऱ्याने वस्तूसमोर उभं राहून सही करावी.

*(व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं: "सर, उद्या तुम्हाला जुन्या बाजारात तीनशे रुपयांना खुर्ची दिसली आणि ती तीस हजारांची आहे हे तुम्हाला कळलं, तर विकणाऱ्याला सांगाल?")*

बरं पकडलंत. विकणारा दुकानदार असेल तर नाही सांगणार. पारखणं हाच त्याचा धंदा, आज मी जिंकलो, उद्या तो जिंकेल. पण घर रिकामं करायला निघालेली एखादी आजी असेल, तर सांगीन. तिने ती विकायला काढलीय ती धंदा म्हणून नाही, गरज म्हणून. आणि विकणारा कोणत्याही संस्थेचा माणूस असेल, तर त्याला सांगून थांबणार नाही, त्याच्या वरच्यालाही लेखी कळवीन. खुर्ची हातची जाईल, हे खरं. पण एकदा जिना न उतरल्याचं मला अजून आठवतं, पुन्हा नको.